हायवेवर अपघात झाला की पेट्रोलिंगवाले आधी लांब मागं कोन लावत का बसतात?

हुक्केरीकर

मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी सांगा. माझं रोजचं बेळगाव अप-डाऊन आहे एनएच फोरवरनं, कागदावर ४८ झालाय पण आमच्या तोंडात फोरच बसलाय. परवा संध्याकाळी पावसात वंटमुरी घाटाच्या अलीकडं कोबीचा एक टेम्पो पलटी झाला, डिव्हायडरच्या बाजूच्या लेनमध्ये आडवा, कोबीचे गड्डे सगळ्या रोडवर, ड्रायव्हर आत अडकलेला पण बोलत होता. आम्ही बऱ्याच गाड्या थांबलो. दोन पोरं मोबाईलची बॅटरी लावून लेनमध्येच उभी राहून हात हलवायली होती, कुणीतरी बाभळीची फांदी आणून टाकली, बाकीचे ड्रायव्हरला काढायलेत का कोबी गोळा करायलेत तेच कळंना. तेवढ्यात एक स्लीपर कोच आली, अगदी जवळ आल्यावर तिला कळलं, फांदीवरनं गेली आणि पोरं उडी मारली म्हणून वाचली.

मग पेट्रोलिंगची गाडी आली आणि ती टेम्पोपाशी आलीच नाही! लांब मागं थांबली, दोघं उतरले, जाकीट घातलं आणि ते ट्रॅफिकचे उभे कोन मांडायला लागले. लोक शिव्या घालायले, 'माणूस अडकलाय आणि तुम्ही रांगोळी काढायलाय काय' म्हणून.

तर प्रश्न असा की हे असं का करतात, तसा नियमच आहे काय, आणि आपल्यासारख्या साध्या माणसानं अशा वेळी नेमकं काय करायचं, गाडीतला तो रिफ्लेक्टरचा त्रिकोण किती लांब ठेवायचा, १०३३ ला फोन करायचा का ११२ ला, आणि मदत केली तर पोलीस मागं लागतात म्हणतात ते खरं काय. एकदमच सगळं विचारतोय, सवडीनं सांगा.

पिवळं_जाकीट

मी सांगतो. काही वर्षं एका टोलच्या रूट पेट्रोलिंगला होतो, आता सोडलंय.

तुमच्या त्या दोघांनी बरोबर केलं. टेम्पो पलटी झाला हे होऊन गेलं, त्यात आता फार तर अजून एक कोबी गडगडंल. मागनं ८० नं येणारा ट्रक आहे त्याला मात्र अजून काहीच माहीत नाही. तो जर त्या गर्दीत घुसला तर अडकलेला एक ड्रायव्हर राहतो बाजूला आणि दहा जण जातात. २० जुलै २०२३ ला अहमदाबादला इस्कॉन पुलावर हेच झालं, मध्यरात्री आधी एक अपघात झाला, बघायला आणि मदतीला लोक जमले, पोलीसही आले आणि मागनं जग्वार आली ती सरळ गर्दीत. ९ माणसं गेली, त्यात पोलीसवाले पण होते. पहिल्या अपघातात कोण मेलं नव्हतं.

म्हणून आम्हाला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे मागचं ट्रॅफिक सांभाळ, माणसाकडं त्यानंतर जा. दोघं असतील तर एकजण कोन घेतो, दुसरा कंट्रोल रूमला सांगत सांगत कडेकडेनं जखमीकडं जातो. कोन मांडायला दोन-तीन मिनिटं लागतात, लोकांना वाटतं अर्धा तास घालवला.

आता कोन कसे लावतात ते सांगतो म्हणजे रांगोळी का नाही ते कळंल. गाडी अपघाताच्या मागं लावायची, ब्लिंकर चालू, आणि स्टेअरिंग कडेच्या बाजूला फिरवून ठेवायचं. कारण कुणी पेट्रोलिंगच्या गाडीलाच ठोकलं तर ती ढकलून कडेला जावी, पुढं काम करणाऱ्या पोरांच्या अंगावर नको. आणि त्या गाडीत कुणी बसून राहायचं नाही, पाऊस असू दे नाहीतर काही असू दे. मग लांबून सुरुवात, पहिला कोन शोल्डरवर, म्हणजे रोडच्या कडेच्या पट्टीवर, किंवा डिव्हायडरला चिकटून, पुढचा थोडा आत, त्याच्या पुढचा अजून आत, अशी तिरकी ओळ काढत लेन बंद करत यायची. एकदम आडवी ओळ लावली तर येणाऱ्याला भिंत दिसल्यासारखं होतं, तो दचकून ब्रेक मारतो आणि त्याच्या मागचा त्याला ठोकतो. तिरकी ओळ बघितली की ड्रायव्हर आपोआप शेजारच्या लेनमध्ये सरकतो, त्याला विचार करावा लागत नाही. काढताना सगळं उलटं, अपघातापासला कोन आधी आणि सगळ्यात लांबचा शेवटी, म्हणजे शेवटपर्यंत पाठीशी काहीतरी असतं. नवीन पोरं इथंच घाई करतात, हायड्रा क्रेन गेली की लांबचे कोन आधी उचलून गाडीत टाकतात आणि अजून चार माणसं काच झाडत रोडवर असतात.

चालताना तोंड कायम येणाऱ्या गाड्यांकडं. फ्लॅग दाखवणाऱ्यानं लेनमध्ये नाही, कडेला उभं राहायचं आणि उडी कुठं मारायची ते आधी बघून ठेवायचं. आणि आपल्याकडं अजून एक भानगड, काकतीपासनं होनग्यापर्यंत कंपनीतनं सुटलेले टू व्हीलरवाले शोल्डरवरनं राँग साईड येतात, त्यांच्यासाठी कोन पाठमोरेच. तुम्ही बंगळूरकडनं येणाऱ्या ट्रकवर डोळा ठेवून उभे आणि पाठीमागनं स्प्लेंडर येते! म्हणून फ्लॅगवाल्यानं अधूनमधून मागं पण बघायला लागतंय.

त्रिकोणाचं आणि फोनचं जेवून आल्यावर लिहितो.

कॅम्पातला

आमच्याकडं पद्धत अशी: १. व्हिडिओ काढणे २. स्टेटसला टाकणे ३. कोबी उचलणे ४. कुणी फोन केला काय रे म्हणून एकमेकांना विचारणे.

निपाणी_लॉरी

कॅम्पातले, हसू नका मर्दा, तसंच चालतंय सगळीकडं.

मी ट्रकवाल्यांच्या बाजूनं बोलतो, आमचा धंदाच तो, दोन पिढ्या. त्रिकोण ५० मीटरवर ठेवा म्हणून जे सांगतात ते कारवाल्यासाठी ठीक असंल, लोडेड गाडीला त्याचा उपयोग शून्य. हिशोब करा की, ८० च्या स्पीडला सेकंदाला २२ मीटर जातात. ड्रायव्हरला दिसणार, डोक्यात शिरणार, पाय ब्रेकवर जाणार, यातच दीड-दोन सेकंद, म्हणजे ४० मीटर खलास आणि गाडी अजून त्याच स्पीडला. पुढं ब्रेक लागल्यावर माल भरलेली गाडी कोरड्या रोडवर पण ५०-६० मीटर घेते. झाले की १०० मीटर. पावसात अजून वाढवा, टायर गुळगुळीत असतील तर अजून वाढवा. आणि कारला तर १०० ची परवानगी आहे चौपदरीवर, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. म्हणून आम्ही आमच्या पोरांना सांगतो त्रिकोण घेऊन कडेनं सव्वाशे-दीडशे पावलं चाल, वळण असंल तर वळणाच्या पलीकडं ठेव, चढ असंल तर माथ्याच्या पण पलीकडं, म्हणजे मागनं येणाऱ्याला चढतानाच दिसंल. वळणाच्या आत ठेवलेला त्रिकोण फक्त आपल्याच ड्रायव्हरला दिसतो.

दुसरं म्हणजे दगड आणि फांद्या. ब्रेकडाऊन झालं की टायरमागं दगड लावायचे, ते बरोबर आहे, तवंदी घाटात न लावून चालतच नाही. पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथंच सोडून जातात! रात्री बाईकवाला त्याच्यावर चढतो आणि मग त्याला अपघात कशानं झाला ते कुणालाच कळत नाही. आणि ती फांदी, ओली हिरवी फांदी रात्री हेडलाईटमध्ये दिसतच नाही, डांबराचा आणि तिचा रंग एकच होतो. फांदीच लावायची असंल तर तिला पांढरा टॉवेल नाहीतर सिमेंटचं रिकामं पोतं बांधा, काहीतरी चमकंल.

तवंदीचं सांगायचं तर संकेश्वरकडनं निपाणीला उतरताना न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे अजून आहेत. ब्रेक तापतात आणि खाली आल्यावर धरत नाहीत. अशा उतारावर अपघात झाला असंल तर वरच्या बाजूला जास्त लांब माणूस उभा करायला लागतो कारण येणारी गाडी थांबायची इच्छा असून पण थांबू शकत नाही, हे लक्षात ठेवा. तिथं तुमचे कोन बिन काही नाही, तिथं फक्त लोकांना रोडवरनं हाकलणं हेच काम.

पिवळं_जाकीट

लॉरीवाले अण्णा बरोबर बोलले, ५० मीटर हे कमीत कमी समजा, हायवेला १०० च्या आत नकोच. फक्त एक सांगतो, त्रिकोण ठेवायला जाताना स्वतःच मरू नका. रात्रीची वेळ, शोल्डर अरुंद, पाऊस, अंगात काळं जर्किन, आणि माणूस त्रिकोण घेऊन पाठ करून चालायलाय असं बऱ्याचदा बघितलंय. त्रिकोण उघडून छातीसमोर धरून चाला, म्हणजे जाताना पण तोच चमकतो. तेवढंही जमण्यासारखं नसंल तर हजार्ड लाईट लावा आणि सगळ्यांना घेऊन क्रॅश बॅरियरच्या पलीकडं जा. त्रिकोणापेक्षा हे महत्त्वाचं.

पलीकडं जाऊन पण गाडीच्या शेजारी किंवा पुढं उभं राहू नका, गाडीच्या मागच्या अंगाला थोडं लांब उभं राहा. मागनं कुणी ठोकलं तर तुमची गाडी पुढं जाणार, आणि पुढं तुम्ही असाल तर बॅरियर काय करणार. बायका-पोरं गाडीत एसी लावून बसलेली आणि बाप बाहेर फोनवर, हे तर सगळ्यात वाईट. उलटं पाहिजे, आधी पोरं बाहेर, रोडच्या बाजूच्या नाही, डाव्या बाजूच्या दारानं.

आणि पूल असंल तर जपून. मार्कंडेय नदीवर म्हणा, हिरण्यकेशीवर म्हणा, चौपदरी रोडचे पूल दोन वेगळे असतात आणि मध्ये मोकळी जागा, खाली थेट नदी. रात्री अंधारात माणूस डिव्हायडर समजून कठड्यावरनं पलीकडं उडी मारतो आणि पलीकडं काही नसतंच. पुलावर असाल तर चालत पूल संपवा आणि मग कडेला उतरा.

फोनचं. टोल रोडवर १०३३ करा, ती हायवेची हेल्पलाईन, त्यांच्याकडनं पेट्रोलिंग, क्रेन, टोलची ॲम्ब्युलन्स निघते. माणूस जखमी असंल तर ११२ पण करा, १०८ पण करा, एकानं सगळे फोन करण्यापेक्षा तिघांनी तीन करा. सांगायचं काय तर कोल्हापूरकडं जाणारी बाजू का बेळगावकडं, किलोमीटरच्या दगडावरचा नंबर, किती गाड्या, कोण अडकलंय काय, टँकर आहे काय. एवढं सांगितलं की कंट्रोल रूमवाला तुम्हाला परत फोन करत नाही. 'हत्तरगीच्या पुढं एक हॉटेल आहे तिथं' असं सांगितलं तर गेलं, हत्तरगीच्या पुढं हॉटेलंच हॉटेलं आहेत, आणि पुढं म्हणजे कुठल्या बाजूला? मोठा दगड दिसला नाही तर दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला लहान दगड असतात, तो नंबर सांगा. चुकीच्या बाजूची गाडी पाठवली तर तिला डिव्हायडरमधलं पुढचं कट मिळेपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, त्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

कोगनोळी_नाका

यात अजून एक घाला, कोगनोळी कागलच्या मध्ये ११२ कधी इकडच्या टॉवरवरनं लागतो कधी तिकडच्या. माझा फोन एकदा महाराष्ट्राच्या कंट्रोलला लागला, त्यांनी पुढं कळवलं पण वेळ गेलाच. म्हणून बॉर्डरवर असाल तर पहिल्या वाक्यातच सांगून टाका की मी कर्नाटकात आहे, कोगनोळी टोलच्या अलीकडं का पलीकडं. कन्नड येत नसंल तर घाबरू नका, हिंदीत बोला, समोरच्याला जागा कळली की झालं, भाषेचा वाद नंतर घालूया की.

हुक्केरीकर

जाकीटवाले, लॉरीवाले, लई धन्यवाद, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पोलिसांचं राहिलं तेवढं. आमच्या गावात अजून म्हणतात, जखमीला गाडीत घातलास की कोर्टाच्या चकरा सुरू. आणि दुसरं, त्या टेम्पोवाल्याला लोकांनी हात धरून ओढून काढलं, ते बरोबर काय?

सिस्टर_वडगाव

मी हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला काम करते, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते.

ओढून काढणं चूक. माणूस बोलतोय, श्वास चालू आहे, आग नाही, डिझेल पेटण्याची भीती नाही, तर त्याला तिथंच राहू द्या. मान आणि पाठीचा मणका यांना किती मार लागलाय ते बाहेरून दिसत नाही. एकानं जाऊन त्याचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं, बस. किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. रक्त येत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, काहीही घेऊन घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हेल्मेट शक्यतो काढू नका. आणि पाणी पाजू नका! आपल्याकडं सगळ्यात आधी कुणीतरी बाटली घेऊन येतो. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं असतं, शिवाय अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी श्वासनलिकेत जातं.

आग लागली, धूर यायला लागला, किंवा गाडी अशा जागी आहे की मागून ठोकणारच, तर मात्र मणका बिणका बघत बसू नका, काखेत हात घालून सरळ मागं ओढा. आधी जीव.

आता कायद्याचं. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्यानुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. साक्षीदार व्हायचं असेल तर तुमच्या मर्जीनं. पोलीस मागं लागतात ही भीती जुन्या काळातली आहे पण ती अजून जात नाही हे मी रोज बघते, लोक पेशंट दारात ठेवून तोंड लपवून निघून जातात आणि मग आम्हाला काय झालं, किती वाजता झालं हे सांगायला कुणी नसतं. थांबा हो पाच मिनिटं, एवढं सांगून जा.

उलट जीव वाचवला तर आता २५ हजारांचं बक्षीस पण आहे केंद्राचं, राहवीर नावानं, पहिल्या तासात गंभीर जखमीला हॉस्पिटलला नेणाऱ्यासाठी. आणि ५ मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंत ७ दिवस कॅशलेस उपचाराची योजना आहे. पैसे कुठून भरणार म्हणून लांब सरकारीत न्यायचं असा विचार करण्यात तो तास घालवू नका.

टोल_भरून_थकलेला

सगळं पुस्तकी आहे हे. आम्ही जाताना येताना टोल भरायचा, फास्टॅगमधनं पैसे क्षणात जातात, आणि गाडी बंद पडली की पाऊण तास कोण फिरकत नाही. एका टोलवाल्यांनी मला सांगितलं गाडी दुसऱ्या बाजूला गेलीय, थांबा. सहापदरीच्या कामाचे डायव्हर्जन बघा, रात्री बोर्ड पडलेला असतो, बॅरल वाऱ्यानं सरकलेले. आधी तुमच्या लोकांना शिकवा मग आम्हाला.

पिवळं_जाकीट

भाऊ तुमचा राग रास्त आहे, मी आता त्या नोकरीत नाही त्यामुळं झाकून काही सांगत नाही. माणसं कमी असतात, एका गाडीला लांबचा पट्टा असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोन चोरीला जातात, गावात गोठ्यापुढं, लग्नाच्या पार्किंगला आमचेच कोन दिसायचे. पण पेट्रोलिंग, क्रेन, ॲम्ब्युलन्स ही मेहेरबानी नाही, टोल घेतात त्यातलंच काम आहे. १०३३ ला फोन केला की तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि किती वाजता केला ते लिहून ठेवा. नुसतं बूथवरच्या पोराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

पडलेला बोर्ड दिसला तरी १०३३ ला कळवा, अपघात व्हायच्या आधी. असे फोन आले की आम्हाला बरंच वाटायचं खरं तर, रात्रीच्या पाळीत कंटाळा जायचा.

आणि किरकोळ ठोकाठोकीबद्दल सांगायचं राहिलं. कुणाला लागलं नाही, बंपर गेला, लाईट फुटली, आणि दोघं लेनच्या मधोमध गाड्या तशाच ठेवून भांडायलेत, इन्शुरन्सवाला येईपर्यंत हलवायची नाही म्हणून. चारही बाजूनं फोटो काढा, नंबर प्लेट दिसू दे, रोडवरची जागा दिसू दे, आणि गाड्या कडेला घ्या, मग पाहिजे तेवढं भांडा. माणूस गंभीर असंल किंवा गेला असंल तर पोलीस येईपर्यंत गाड्या हलवू नका, त्यांना पंचनामा करायचा असतो, पण मागचं ट्रॅफिक सांभाळायचं काम तेव्हाही चालूच.

निपाणी_लॉरी

मागं लागलेल्या रांगेबद्दल कोण बोललंच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रोडवर आलं, हायवे बंद, रांगा कुठल्या कुठं. सगळे पाण्यापाशी जाऊन बघायचे पण धोका रांगेच्या शेपटीला. रांग वाढंल तशी शेपूट मागं सरकते आणि सकाळी लावलेला बोर्ड दुपारी रांगेच्या मध्येच उभा असतो, त्याच्या मागं पाचशे गाड्या. शेपटीमागं एक गाडी ब्लिंकर लावून सरकत राहिली पाहिजे, नाहीतर त्या बोर्डाचा काय उपयोग.

आणि तुम्ही स्वतः शेपटीला असाल तर? हजार्ड लावा, पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका, कडेला निसटायला जागा ठेवा, आरशात बघत राहा. मागं दोन-तीन गाड्या येऊन थांबल्या की मग हँडब्रेक ओढा आणि तंबाखू मळा.

सौंदत्तीच्या यात्रेला, पौर्णिमेच्या आसपास, कोल्हापूर सांगलीकडच्या गाड्या भंडारा उधळत जातात तेव्हा पण असंच, ट्रॅक्टर, टेम्पो, मध्येच कडेला चहाला थांबतात, पोरं रोडवर. त्या दिवसांत आम्ही आमच्या गाड्या शक्यतो दुपारी काढतो.

ऊसवाला

ट्रॅक्टरवाल्यांना सगळेच शिव्या घालणार आता, माहिती आहे. पण कारखान्याची पाळी रात्री दोनला लागली तर शेतकऱ्यानं काय करायचं? दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, रिफ्लेक्टर लावला तरी वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकून जातो. ट्रॉलीचा रिफ्लेक्टर चेसिसवर नको, मागं लोंबणाऱ्या उसावर रिफ्लेक्टर टेपची पट्टी नाहीतर लाल कापड बांधा, सीझनला आम्ही आता तसंच करतो. आणि टायर फुटला तर हायवेवर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर घेऊन पंक्चरवाला आणायला जाऊ नका! अंधारात नुसती उभी ट्रॉली म्हणजे कारवाल्याला ती ऊस काचेत आल्यावरच दिसते. एक माणूस मागं लांब बॅटरी घेऊन थांबलाच पाहिजे.

कॅम्पातला

मघाशी चेष्टा केली, आता एक सीरियस प्रश्न. टँकर असंल तर काय? वर पिवळं जाकीटनी फोनवर टँकर आहे का सांगा म्हणून लिहिलंय.

पिवळं_जाकीट

टँकर असंल तर वरचं सगळं विसरा. कोन नाही, जखमी नाही, आधी लांब.

टँकरच्या मागं आणि बाजूला पाटीवर चार आकडी नंबर असतो, १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. लांबूनच मोबाईलनं झूम करून वाचा आणि तोच नंबर ११२ ला सांगा, फायर ब्रिगेडला तेवढ्यावरनं कळतं काय घेऊन यायचं. गॅस गळायचा आवाज येत असंल, पांढरं धुकं जमिनीलगत पसरायला लागलं असंल तर तिथनं वारा जिकडनं येतोय त्या बाजूला आणि उंचवट्याकडं पळा. एलपीजी हवेपेक्षा जड, ती रोडवरनं पाण्यासारखी खालच्या अंगाला वाहत जाते, गटारीत, पुलाखाली साठते. त्या ढगात अडकलेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, उतरून चालत निघायचं. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांकरोट्याला यू टर्न घेणाऱ्या एलपीजीच्या टँकरला ट्रकनं ठोकलं, गॅस पसरली आणि मागच्यापुढच्या कितीतरी गाड्या माणसांसकट पेटल्या. आपलाच रोड बरं तो, हाच ४८ तिकडं जयपूरवरनं जातो.

आणि पेट्रोल-डिझेल गळायलंय म्हणून कॅन घेऊन पळत येणारे असतात ना, त्यांना आडवं झालात तर शिव्या खाल, तरी व्हा आडवे.

हुक्केरीकर

बापरे. हे सगळं वाचून दोन त्रिकोण घ्यायचं ठरवलंय. गाडीसोबत आला होता तो भावाच्या गाडीत गेला तो गेलाच. बेळगावात चांगला कुठं मिळंल? ऑनलाईनवाले प्लास्टिकचे वाऱ्यानं उडतात म्हणे.

निपाणी_लॉरी

पी बी रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, ट्रकसाठीचा जड बुडाचा मागा, कारचा म्हणालात तर तो हलकाच देतील. घेताना दुकानाबाहेर ठेवून मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढून बघा, फोटोत झगझगीत चमकला तर घ्या, नुसता मंद लाल दिसला तर तो रंग आहे, रिफ्लेक्टर नाही. जाकीट पण एक घ्या, पिवळं, आणि डिकीत नको, सीटच्या खाली ठेवा.